पेअरिंग केलं की दोन दिवस चालतो, मग परत 'नो सिग्नल': ट्रॉली-ट्रकवरचा वायरलेस रिव्हर्स कॅमेरा

कापसाची ट्रॉली जिनिंगच्या आवारात रिव्हर्स घ्यायची असते आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन निळी होऊन 'नो सिग्नल' दाखवते. मग मेनूत जाऊन पुन्हा पेअरिंग (कॅमेरा आणि स्क्रीनची एकमेकांशी ओळख) होतं, कोणीतरी मागे जाऊन वायर हलवतं, चित्र येतं. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी 'कॅमेराच डुप्लिकेट होता' म्हणून नवं किट येतं आणि महिन्याभरात तेही तसंच वागू लागतं.

पेअरिंगची नोंद कॅमेरा आणि स्क्रीन दोघांच्या मेमरीत राहते, सप्लाय गेल्याने ती पुसली जात नाही. मग पेअरिंग केल्यावर चित्र येतं ते कशामुळे? कॅमेरा बंद होऊन पुन्हा चालू होतो म्हणून, आणि वायर हाताळताना जोडातला गंज थोडा खरवडला जातो म्हणून. मूळ दुखणं जागच्या जागी असतं. बहुतेक वेळा ते कॅमेऱ्यात नसतं आणि रेंजमध्येही नसतं. मागे पोचणाऱ्या सप्लायमध्ये असतं, त्यातही अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या वाटेत.

'वायरलेस' हा शब्दच इथे घोळ घालतो. फक्त चित्र वायरशिवाय येतं. कॅमेऱ्याला वीज लागतेच आणि ती ट्रॉलीच्या गंजलेल्या सॉकेटमधून, उंदरांनी कुरतडलेल्या वायरीतून, चिखलाने माखलेल्या जोडातून मागे जाते.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

कॅमेरा गाडीवरून काढा. एका चार्ज असलेल्या १२ व्होल्ट बॅटरीवर, २ अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून, थेट चालवा. स्क्रीन दोन-तीन मीटरवर ठेवा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. चित्र एकदाही गेलं नाही तर कॅमेरा आणि स्क्रीन दोन्ही धड आहेत, गाडीकडे वळा. इथेही चित्र अडखळलं तर वायरिंग उसवण्यात दिवस घालवू नका. अँटेना घट्ट बसवून एकदा पेअरिंग करून पाहा, तरीही तेच असेल तर किट बदला.

पाच मिनिटं टेबलावर चालला म्हणून कॅमेरा चांगला म्हणू नका. आत ओल गेलेले कॅमेरे थंड असताना चालतात आणि तापले की बंद पडतात. म्हणून अर्धा तास.

व्होल्टेज मोजा, पण दिवे लावून

सगळ्यात जास्त चूक इथे होते. कॅमेऱ्याचा प्लग काढून, सगळे दिवे बंद ठेवून मल्टीमीटर लावला की १२.५ व्होल्ट दिसतात आणि 'सप्लाय बरोबर आहे' असा निकाल लागतो. वायरीतून करंट वाहत नसताना गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. लोड आला की तो उघडा पडतो.

म्हणून कॅमेरा जोडलेला असतानाच त्याच्या प्लगपाशी मोजा. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. दोन्ही वेळा टेल लाइट लावा, इंडिकेटर लावा आणि एकाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबला की आकडा १२.३ वरून १० च्या खाली गेला तर चोर सापडला.

हिशेब पाहा. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यापर्यंत साधारण ८ मीटर वायर जाते. बाजारात स्वस्तात मिळणारी ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला सुमारे ०.०३५ ओहम अडथळा देते, म्हणजे ८ मीटरला ०.२८ ओहम. ब्रेकचे दोन २१ वॅटचे बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. कॅमेरा आणि ब्रेक लाइट यांची अर्थिंगची वायर एकच असेल तर तिच्यात एक व्होल्ट तिथेच जातो. वर सॉकेटमधल्या गंजलेल्या पिनेचा अर्धा ओहम धरला तर आणखी पावणेदोन व्होल्ट. इंजिन बंद असेल तर बॅटरीच्या १२.२ मधून कॅमेऱ्यापाशी साडेनऊ उरतात. बरेच कॅमेरे ९ ते १० च्या आसपास हात टेकतात. कॅमेरा स्वतः जेमतेम ०.२ ते ०.३ अँपिअर घेतो, त्याच्यामुळे काही बिघडत नाही. बिघडवतात शेजारचे बल्ब.

'ब्रेक दाबला की चित्र जातं', 'इंडिकेटरच्या तालावर चित्र लुकलुकतं', 'दिवसा चालतो, रात्री बंद पडतो' या तिन्ही तक्रारींचं मूळ हेच आहे.

आता दोष प्लसमध्ये की अर्थिंगमध्ये? मीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसवर, लाल तार कॅमेऱ्याच्या मायनस वायरवर. एवढी लांब तार नसेल तर साधी वायर जोडून लांबवा. दिवे लावून ब्रेक दाबा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. प्लससाठीही तसंच, बॅटरीचा प्लस ते कॅमेऱ्याचा प्लस.

ट्रॉलीची अर्थिंग बॉडीवर कधीच सोडू नका. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यात धातूचा संबंध येतो तो हूक आणि पिनेचा. तिथे ग्रीस, माती, गंज आणि मोकळी खेळती जागा. पांदण रस्त्यावर ट्रॉली हिसका खाते तेव्हा तो संपर्क क्षणभर तुटतो आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. डिजिटल किटला पुन्हा जुळायला दोन ते चार सेकंद लागतात, म्हणून स्क्रीनवर दर खड्ड्याला 'नो सिग्नल' दिसतं. लोक म्हणतात रेंज कमी आहे.

कायमचा उपाय

बॅटरीपासून कॅमेऱ्यापर्यंत स्वतंत्र दोन-कोर वायर, १ चौरस मिलिमीटर. १६ मीटर जा-ये धरली तरी कॅमेऱ्याच्या करंटवर तोटा ०.१ व्होल्टपेक्षा कमी राहतो. प्लसवर, बॅटरीपासून वीतभर अंतरात, ३ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज मागे कॅमेऱ्याजवळ बसवला तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाशिवाय राहते. ती घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडणार नाही, वायर पेटेल, आणि मागे कापूस आहे.

जोड पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत सोडा. वैशाखात टेपचा गोंद वितळतो, ती उलगडते, आणि मृगाच्या पहिल्या पावसात जोड हिरवा पडायला लागतो. थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) पंच करून किंवा सोल्डर करून वर गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. बॉडीवर अर्थिंग द्यायचीच असेल, ट्रकला द्यावी लागते, तर रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड दिसू द्या, थिंबल, स्टार वॉशर, नट, आणि वर व्हॅसलिनचा थर.

ट्रॅक्टर-ट्रॉलीमध्ये या दोन वायरींसाठी सात पिनच्या जुन्या सॉकेटवर विसंबू नका. त्या सॉकेटच्या नेहमीच्या जोडणीत रिव्हर्ससाठी पिन नसतेच आणि बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरला रिव्हर्सचा दिवाही नसतो. मग मिस्त्री टेल लाइटमधून सप्लाय घेतो आणि कॅमेरा फक्त दिवे लावल्यावर चालतो. वेगळा दोन पिनचा, रबरी झाकणाचा वॉटरप्रूफ प्लग लावा आणि ड्रायव्हरच्या हाताशी एक स्विच द्या. ट्रॉली सोडताना प्लग काढून झाकण लावायचं, तोंड खाली ठेवायचं. हूकपाशी वायरीला हातभर झोल हवा, नाहीतर पहिल्याच वळणावर ती ताणून तुटते. झोल इतकाही नको की ती जमिनीला घासेल.

ट्रक आणि पिकअपचं वेगळं गणित

छोटा हत्ती, बोलेरो पिकअप १२ व्होल्टच्या. दहा चाकी ट्रक २४ व्होल्टचा, इंजिन चालू असताना २८ पर्यंत जातो. कॅमेऱ्यावर '१२-२४' असं लिहिलेलं असेल तर ट्रान्समीटरच्या (चित्र पाठवणाऱ्या) डबीवर आणि स्क्रीनवरही तेच लिहिलंय का ते पाहा, तिन्ही वेगवेगळे निघतात. फक्त १२ चा असेल तर २४ चे १२ करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो, २ अँपिअरचा पुरे. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढायची युक्ती सर्रास चालते. ती करू नका. एक बॅटरी कमी चार्ज होत राहते, दुसरी जास्त, आणि वर्षभरात दोन्ही बदलाव्या लागतात.

ट्रकमध्ये सप्लाय रिव्हर्स लाइटवरून घेतात. त्याच वायरीवर रिव्हर्सचा भोंगाही असतो. 'मागे गाडी येत आहे' सुरू झालं की चित्रात आडव्या रेषा नाचतात ते त्यामुळे. शिवाय नव्या गाड्यांत रिव्हर्स लाइटचा सप्लाय सलग नसतो, कंट्रोलर तो तुकड्यातुकड्यांनी देतो. बल्बला फरक पडत नाही, कॅमेरा मात्र लुकलुकतो. दोन्हीवर उपाय एकच: चार पिनचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. त्याच्या पिनांना आकडे असतात. ८५ ला अर्थिंग, ८६ ला रिव्हर्स लाइटची वायर, ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून कॅमेरा. २४ व्होल्टच्या गाडीला २४ चाच रिले. तुकड्यांच्या सप्लायवर रिले टकटकत असेल तर ८६ च्या वायरीत १एन४००७ डायोड, पांढरा पट्टा रिलेकडे, आणि त्याच्यापुढे ८६ व ८५ मध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्लस ८६ कडे. १२ व्होल्टच्या गाडीला २५ व्होल्टचा, २४ च्या गाडीला ५० व्होल्टचा.

पण एक प्रश्न आहे. रिव्हर्स टाकल्यावर कॅमेऱ्याला वीज मिळाली तर डिजिटल किट दोन ते चार सेकंद स्क्रीन काळीच ठेवतं. तेवढ्यात ड्रायव्हर दोन मीटर मागे आलेला असतो. त्यापेक्षा कॅमेरा चावीवर चालू ठेवा आणि स्क्रीनची फक्त ट्रिगर वायर (स्क्रीनला चित्र दाखवायचा इशारा देणारी) रिव्हर्सला द्या. गिअर टाकताच चित्र हजर.

खरं सांगायचं तर एकाच बॉडीच्या ट्रकला, बसला किंवा चिखलदऱ्याला नेतात तशा लांब कॅम्पर गाडीला वायरलेसची गरजच नाही. चेसीच्या आतून चार पिनची १५ मीटर केबल एकदा ओढली की हा सगळा व्याप संपतो. वायरलेसचा खरा उपयोग सोडून जोडायच्या ट्रॉलीला.

सप्लाय पक्का असूनही चित्र तुटत असेल तर

मग अँटेनाकडे या. चित्र कसं तुटतं ते आधी नीट पाहा. बर्फासारखे ठिपके, तिरक्या रेषा, रंग उडणं म्हणजे किट अ‍ॅनालॉग आहे आणि सिग्नल कमजोर आहे. चित्र गोठणं, चौकोन पडणं, मग 'नो सिग्नल' म्हणजे किट डिजिटल. दोन्ही प्रकारचे बहुतेक किट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, डॅशकॅमचा वाय-फाय आणि ब्लूटूथ टेप यांच्याच पट्ट्यात. हॉटस्पॉट बंद करून पाहायला पैसे लागत नाहीत. जिनिंगच्या रांगेत एखाद्या ट्रकच्या स्क्रीनवर पुढच्या ट्रकचा फाळका दिसू लागतो तो अ‍ॅनालॉग किटचाच पराक्रम. दोघांचा चॅनल एक असतो आणि अ‍ॅनालॉग रिसीव्हरला आपला-परका कळत नाही. अशा किटला चॅनल बदलायची सोय असेल तर बदला. धोका खरा आहे, कारण ड्रायव्हर दुसऱ्याच गाडीच्या मागचं पाहून रिव्हर्स घेत असतो.

या लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर. लोखंडी पत्रा त्या आरपार जाऊ देत नाही आणि पाणी त्यांना शोषतं. म्हणूनच वरुड-मोर्शीकडच्या गाड्यांची एक तक्रार नेहमीची: रिकामी गाडी जाताना चित्र स्वच्छ, संत्रा भरला की गायब. संत्रा म्हणजे बहुतांश पाणीच. कोरडा कापूस तेवढा आडवा येत नाही, ओला सोयाबीन येतो. उपाय म्हणजे अँटेना मालाच्या वरून किंवा बाजूने एकमेकांना 'दिसतील' असं बसवणं. कॅमेरा खाली राहू द्या, पण ट्रान्समीटरचा अँटेना मागच्या कोपऱ्यात, बॉडीच्या बाहेर, पत्र्यापासून चार बोटं दूर. पुढचा अँटेना केबिनच्या बाहेर किंवा काचेला लागून. दोन्ही उभे. एक उभा, एक आडवा असेल तर सिग्नल बराच घटतो.

अँटेना लांबवायची केबल घेताना दोन गोष्टी. ती पातळ असते आणि प्रत्येक मीटरला सिग्नल खाते, त्यामुळे ३ मीटरच्या वर जाऊ नका. आणि एसएमए व आरपी-एसएमए हे दोन प्रकारचे जोड दिसायला सारखे असतात. एकात मध्ये पिन असते, दुसऱ्यात भोक. चुकीची जोडी आट्यांवर व्यवस्थित बसते, घट्टही होते, पण आत पिन पिनेला किंवा भोक भोकाला भिडतं आणि संपर्कच होत नाही. पिवळसर नट फिरला म्हणजे जोड झाला असं समजू नका, आत डोकावून पाहा.

स्वस्त एलईडी बार आणि मोबाइल चार्जरही चित्र बिघडवतात. एकेक बंद करत पाहा. दोषी सापडला तर त्याची वायर कॅमेऱ्याच्या वायरीपासून वेगळ्या बाजूने न्या.

ऊन, ओल आणि धूळ

मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद केबिनमधला डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी वर तापतो. अशा वेळी स्क्रीनवर काळे डाग पडणं किंवा ती बंद होणं हा नेहमी बिघाड नसतो. सावलीत अर्ध्या तासाने पूर्ववत झाली तर स्क्रीन काचेखालून काढून डॅशबोर्डच्या खाली, वाऱ्याच्या वाटेत लावा. ट्रान्समीटरची डबी टेल लाइटच्या आत कोंबू नका, तिथे बल्बची उष्णता आणि पाणी दोन्ही आहे.

लेन्सच्या आत वाफ धरली तर कॅमेऱ्याची सील गेली आहे. कॅमेरा काढून दोन-तीन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा, मग वायर जिथे आत जाते तिथे आणि काचेच्या कडेला न्यूट्रल सिलिकॉन भरा. आंबट वास येणारं सिलिकॉन आतले तांब्याचे भाग खातं, ते नको. सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट कॅमेऱ्यावर मारू देऊ नका. वायर कॅमेऱ्याकडून आधी खाली यावी आणि मग वर चढावी, म्हणजे पाणी त्या झोलावरून गळून जातं, जोडात शिरत नाही.

काळ्या मातीचा चिखल सुकल्यावर लेन्स कोरड्या फडक्याने घासली तर ओरखडे पडतात. आधी पाणी ओता, मग मऊ कापड. वणी-घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाची पूड रोज बसते, रोज पुसावी लागते. डिझेल, रॉकेल, थिनर लावलं की प्लास्टिकची लेन्स कायमची धुरकट.

फाळका किंवा दांडी वेल्डिंग करायची असेल तर कॅमेऱ्याचा प्लग आणि अँटेना आधी काढा आणि ट्रॉलीचा प्लग ट्रॅक्टरमधून सोडा. वेल्डिंगचा करंट पातळ अर्थिंगवरून परत गेला की आतली सर्किटची पाटी जळते. असे कॅमेरे दुरुस्त होत नाहीत.

चुंबकवाले बॅटरीचे कॅमेरे

ट्रॉली बदलत राहणाऱ्यांना हे सोयीचे, वायरिंगची कटकट नाही. त्यांचा 'नो सिग्नल' म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा उतरलेली बॅटरी. सोलरची पट्टी असेल तर ती धुळीने झाकलेली असते. चुंबकाखाली मातीचा थर राहिला तर धुऱ्यावरून ट्रॉली उतरताना कॅमेरा खाली पडतो. लोखंड पुसून लावा आणि एक दोरी बांधाच. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून दुपारच्या उन्हात तापलेला कॅमेरा लगेच चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी दाबून पुन्हा बसवू नका, बदला.

कापूस संपला, ट्रॉली गोठ्यात लागली की हा कॅमेरा काढून अर्धा चार्ज करून घरात ठेवा, दर दोन महिन्यांनी पाहा. वायरवाला असेल तर प्लगला व्हॅसलिन लावून झाकण बंद करा आणि लोंबती वायर उंच बांधा, नाहीतर उंदीर हमखास कुरतडतात. दसऱ्याला ट्रॉली धुवून काढताना ब्रेक दाबून पुन्हा एकदा मीटर लावा. आकडा गेल्या साली लिहून ठेवला असेल तर जोड किती उतरला ते लगेच कळतं. तो फाळक्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरून ठेवला तरी चालतो.